बुरगुटे बंधूंच्या गेमचा दाखला

"मॅडम, ह्याचं पोस्टमॉर्टेम करायचंय," असं म्हणत दिगंबर बुरगुट्यांनी आमच्या ओट्यावर पाच लिटरचा प्रेशर कुकर ठेवला.

मी म्हटलं, "कुकर मी नाही हो बघत. शिट्टी बदलायची असेल तर चौकात—"

"कुकर आमच्याच दुकानातला हाय. त्याला काय धाड भरलीय? आत बघा."

झाकण काढलं. आत मऊ टॉवेलात गुंडाळलेला व्हिडिओ गेम होता. मूळचा पांढरा, आता जुन्या दातासारखा पिवळा पडलेला. कडेला लाल पट्टी, मधोमध कॅसेट खोचायची खाच. नव्वद-पंच्याण्णवच्या सुमारास हा डबा ज्या घरात शिरला, त्या घरातल्या पोरांनी पुस्तकाकडे पुन्हा नीट बघितलं नाही.

ही गोष्ट दोन हजार सोळा सालच्या उन्हाळ्यातली. माझं नाव विद्युल्लता कोकाटे. वडील वीज मंडळात वायरमन होते. थोरल्या भावाचं नाव प्रकाश ठेवूनही त्यांची हौस भागली नव्हती, ती माझ्यावर भागवली. मी बार्शीच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे आणि उरलेल्या वेळात जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करायचे. भंगारवाल्याकडून, नातेवाइकांच्या माळ्यावरून, जत्रेतल्या खेळण्यांच्या ढिगातून मी ते गोळा करत असे. फुगलेले कपॅसिटर काढून नवे घालायचे, रिमोटच्या बटणांखालचं झिजलेलं रबर बदलायचं आणि नव्या टीव्हीला जोडता यावा म्हणून पिवळ्या-पांढऱ्या पिनांची वायर काढायची, हा माझा आनंद. चालू स्थितीतले एकोणीस गेम आईच्या साड्यांच्या कपाटात होते. आई लोकांना सांगायची, "ती शिकवण्या घेते."

त्याच उन्हाळ्यात पेपरच्या जिल्हा पुरवणीत माझी बातमी आली होती : 'आयटीआयच्या मॅडमचा आगळावेगळा छंद'. तेव्हापासून लोक मिक्सर आणत होते, कानाचं यंत्र आणत होते. एकजण स्कूटर ढकलत घेऊन आला होता. त्यामुळे कुकर बघून मला नवल वाटलं नव्हतं.

"दुरुस्त करायचाय ना?" मी विचारलं.

"दुरुस्तीचं मागनं बघू. आधी मला लेखी पायजे, हा कुणी बिघडवला ते."

"कशानं बिघडला ते सांगता येईल. कुणी, ते कसं सांगणार?"

"त्यात काय अवघड हाय? पित्यानं बिघडवला. तुम्ही तपासा आणि तेवढं लिहून द्या. शिक्का असला तर बेस."

पित्या म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, पितांबर. बार्शीत हे प्रकरण सगळ्यांना ठाऊक होतं. बाजारपेठेत 'बुरगुटे बंधू' नावाचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं. मधोमध भिंत घालून त्याची दोन दुकानं झाली, तेव्हा पाटीचीही वाटणी झाली. थोरल्याकडे 'बुरगुटे' राहिलं आणि धाकट्याकडे 'बंधू'. दोघांत वीस वर्षं अबोला. तो कशावरून, हे मात्र मला त्या दिवशीच कळलं.

शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत दिगंबर दहावीला होते आणि पितांबर आठवीला. एका संध्याकाळी शाळेतून आले, गेम लावला, तर तो चालू होईना. दिगंबरांचं म्हणणं, आदल्या दिवशी हरल्यावर पित्यानं त्याच्यावर बुक्की मारली होती. पितांबरांचं म्हणणं, दिगूनं सलग सहा तास चालवून तो जाळला. शब्दाला शब्द वाढला. दिगंबरांनी पोहे ढवळायचं उलथनं उचललं, पितांबरांनी परातीची ढाल केली. वडिलांनी गेम माळ्यावर टाकला. त्या दिवसापासून एक अक्षर नाही. वडील वारल्यावर वाटणी झाली तेव्हा पंचांनी गेमचीही वाटणी केली. थोरल्याला डबा, धाकट्याला दोन रिमोट, कॅसेट आणि अडॅप्टर.

"म्हणजे वीस वर्षं तो कुणालाच खेळता आला नाही?"

"न्हाई," दिगंबर समाधानानं म्हणाले. "त्याला बी न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता धाकटे आले. हातात चार पुडांचा जेवणाचा डबा.

"तुमच्याकडं तो आला होता," पितांबर म्हणाले. वीस वर्षांत त्यांनी भावाचं नाव बहुतेक घेतलंच नसावं. त्यांनी डबा सोडून एकेक पूड माझ्यासमोर मांडलं. वरच्यात अडॅप्टर, मधल्या दोहोंत एकेक रिमोट, वायर जिलबीसारखी गोल गुंडाळलेली. खालच्यात कॅसेट. "हे सगळं ठणठणीत हाय. तसं लेखी द्या. म्हंजी दोष कुणाच्या वाट्यात हाय ते आपोआप सिद्ध हुतंय."

"भाऊ, वाटणी तर नंतर झाली ना?"

"तेच म्हणतोय मी. त्यानं मुद्दाम बिघडलेला भाग माझ्या गळ्यात मारला न्हाई, एवढाच काय तो त्याचा चांगुलपणा."

मी दोघांनाही एकच सांगितलं : मी तपासते, जो दोष निघेल तो लिहिते. आयटीआयमध्ये मुलांना पहिल्या दिवशी मी हेच बजावायचे. दोष नोंदवताना जे दिसलं तेच लिहायचं, कुणाला काय आवडेल ते नाही. पण सगळं एकत्र जोडल्याशिवाय खात्री देता येणार नाही. तेव्हा रविवारी दोघांनी एका जागी यायचं आणि दोघांच्या देखत चालवून बघायचं. बऱ्याच वाटाघाटींनंतर जागा ठरली, त्यांच्या आईची खोली. दुकानांच्या वर दोन्ही बिऱ्हाडं होती, आणि बरोबर मध्ये, जिन्याच्या तोंडाशी, आक्कांची खोली. तिला दोन्हीकडे दारं होती.

त्या दुपारी मी गेम उघडायला घेतला. स्क्रूंची डोकी कुणीतरी कुरतडल्यासारखी झाली होती. सहा स्क्रू हवेत तिथं पाच होते. खालचं झाकण उचललं आणि माझ्या मांडीवर पिवळी पूड सांडली.

आधी वाटलं, गंज. बोटावर घेतली तर हळद. भंडारा होता तो, खंडोबाचा. बोर्डाच्या कडेला कागदाची एक पुडी नीट घडी करून खोचलेली होती, ती फुटली होती. यंत्रांत मी झुरळं बघितली होती, पालीची अंडी बघितली होती, एकदा कुणाची तरी सोन्याची मोरणीही मिळाली होती. भंडारा पहिल्यांदाच बघितला.

मग वायर दिसली. बटणाकडून बोर्डाकडे जाणारी लाल वायर. ती जळाली नव्हती की बुक्कीनं सुटलीही नव्हती. ती कापलेली होती, सरळ, एका घावात. आणि दोन्ही टोकांवर कापडाची चिंधी गुंडाळून त्यावर हिरव्या दोऱ्यानं गाठ मारलेली होती. एक नाही, तीन-तीन गाठी.

मी पहिल्यांदा पितांबरांचा विचार केला, मग दिगंबरांचा. दोघांपैकी कुणाचंही हे काम वाटेना. भावावरच्या रागानं वायर कापणारा मुलगा तिच्या टोकांना पट्टी बांधत बसेल का?

दोष सापडला होता, दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. पण मला स्वस्थ बसवेना. मी कपॅसिटर बदलले, रिमोटचं रबर बदललं, नव्या टीव्हीसाठी पिवळ्या-पांढऱ्या पिना काढल्या, कॅसेटचे पितळी दात खोडरबरानं घासून चकचकीत केले. पिवळं पडलेलं प्लास्टिक औषध लावून उन्हात ठेवलं. अंगणात वाळवणासारखा ठेवलेला तो डबा आई दोन दिवस ओलांडून जात होती. शनिवारी तो पुन्हा पांढरा झाला.

रविवारी दहाला मी आक्कांच्या जिन्यावर. लग्नसराईचे दिवस, खाली भांड्यांच्या गिऱ्हाइकांची गर्दी. दुकान नोकरावर सोपवायला दोघांपैकी एकही तयार नव्हता, म्हणून अर्ध्या तासासाठी दोघंही शटर ओढणार होते. आधी कुणी ओढायचं यावर अडलं होतं. शेवटी दोघं आपापल्या शटरखाली वाकून एकमेकांच्या शटरकडे बघत, इंच इंच ओढत होते. मी वर गेले.

आक्का खिडकीपाशी गोधडी शिवत बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, बारीक अंगाच्या, कपाळावर बुक्क्याचा ठिपका. माझ्या हातातला डबा त्यांनी बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"उघडलास व्हय गं?"

"हो."

"काय घावलं?"

"भंडारा."

"जेजुरीचा हाय त्यो," आक्का म्हणाल्या. "दिगूची दहावी हुती न्हवं."

मी त्यांच्यासमोर बसले. त्यांच्या मांडीवरची गोधडी हिरव्या दोऱ्यानं शिवलेली होती. टोकाला गाठी होत्या, तीन-तीन.

"आक्का, वायर तुम्ही कापलीत?"

"मग काय त्यो खंडोबा येणार हुता कापायला? परीक्षा म्हैन्यावर आली, पोरगं पुस्तकाला हात लावंना. सारखं आपलं टुंईं टुंईं. ह्यांना सांगितलं, तर ह्येच पोरांसंगं खेळत बसायचे. मग एक दिवस दोघं शाळेत गेल्यावर घेतली सुरी. अर्धा दिवस गेला बघ ते खिळं काढण्यात. लावताना एक उरला."

"तो सगळ्यांचाच उरतो."

"वायर कापली खरी, मग भ्या वाटलं. लेकराला शॉक बसला म्हंजी? म्हणून चिंध्या बांधल्या. आणि आता उघडलंच हाय तर म्हटलं भंडारा बी ठिवावा आत. अभ्यासाला लागंल."

"मग लागले का?"

आक्कांनी सुई गोधडीत जोरात खुपसली. "एवढं करून एक्केचाळीस टक्के."

खाली शटरं खरखरली. अजून दोन-अडीच इंच उरले असावेत.

"मग सांगितलं का नाहीत?"

"निकाल लागल्यावर सांगणार हुते. पण त्याच्या आधीच ह्या दोघांचं बोलणं बंद झालं. म्हटलं चार दिसांनी बोलत्याल. मग दिगूच्या लग्नात सांगू म्हटलं. मग पितूच्या. मग ह्ये गेले. आणि खरं सांगू का, आता भ्या वाटतं. आज ती एकमेकांशी बोलत न्हाईत. सांगितलं तर दोघं मिळून माझ्याशी बोलायची बंद हुत्याल. एकाचा अबोला सोसंल, दोघांचा कसा सोसू?"

मी पिशवीतला कागद चाचपला.

"तू उंदीर लिव्ह," आक्का म्हणाल्या.

"काय?"

"उंदरानं वायर खाल्ली. लिव्ह तसं."

"आक्का, मी आजपर्यंत खोटं लिहिलेलं नाही."

"अगं बये, उंदीर काय कोर्टात जाणार हाय का?"

माझ्यासमोर सत्तरी ओलांडलेली बाई हातात सुई धरून बसली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. जिन्यावर पावलं वाजली, दोन माणसांची. एकाच जिन्यावरून येतानाही ते दोन पायऱ्यांचं अंतर ठेवून येत होते. मी पिशवीतून कागद काढला आणि लिहिलं : 'निरीक्षण : विद्युत पुरवठ्याची वायर तुटलेली. कारण : उंदीर.' खाली सही केली. माझ्या आयुष्यातला खोटा दाखला हा पहिला.

दिगंबर येऊन उजव्या भिंतीला टेकून बसले, पितांबर डाव्या. मधे मी, आक्का आणि टीव्ही. मी कागद मोठ्यानं वाचला.

दिगंबरांच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू सैल झाला. पितांबरांनी खांदे खाली सोडले. आक्कांनी माझ्या गुडघ्याला हळूच हात लावला. मला वाटलं, झालं काम.

तेवढ्यात दिगंबर म्हणाले, "मॅडम, त्याला विचारा, उंदीर कुणाच्या खोलीतला?"

"भाऊ, उंदीर—"

"त्या वेळी गेम माळ्याखाली हुता. तिकडं कोण झोपायचं? अंथरुणात शेंगा कोण खायचं?"

"मॅडम, त्यांना सांगा," पितांबर भिंतीकडे बघत म्हणाले, "शेंगा कोण खायचं ते सगळ्या बार्शीला ठाव हाय. आणि त्यांच्या बाजूला उंदीर तवा बी हुते, आत्ता बी हायत. परवा एक माझ्याकडं आला. त्यांच्या दुकानाचं लेबल चिकटलं हुतं शेपटीला."

"त्याला म्हणावं, पुरावा दाखव!"

"मेलेला उंदीर मी काय जपून ठिवू?"

"मग लिहून द्या मॅडम, उंदीर धाकट्याचा!"

"सात-बारा काढा उंदराचा!" पितांबर ओरडले.

दोघंही उभे राहिले होते. मी मधे हात पसरून उभी. कागद माझ्या हातात होता, त्याच्या एका टोकाला दिगंबरांनी धरलं आणि दुसऱ्याला पितांबरांनी. दोघं माझ्यामार्फतच ओरडत होते. "त्याला म्हणावं" आणि "त्यांना सांगा" एवढं दर वेळी न चुकता म्हणत होते. मी कुणाला काय सांगायचं हेच मला कळेना.

"गप्प बसा!" आक्का ओरडल्या. त्या बारीक अंगातून एवढा आवाज निघेल असं वाटलं नव्हतं. "उंदीर मी हाय!"

दोघांनी कागद सोडला.

"मी कापली वायर. सुरीनं. दिगू, तुझी दहावी हुती म्हणून. पितूनं बुक्की मारली न्हाई, का तू जाळला न्हाईस. मी कापली, आणि वीस वर्सं गप बसले. आता बोलायचं न्हाई माझ्याशी तर नका बोलू. दोघांच्या घरचं जेवण बी नगं मला. मी माझं करीन."

त्यांनी गोधडी डोक्यावरून ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

मी पळून जायचा विचार करत होते. दिगंबर खाली बसले. पितांबरही बसले, पण ते चुकून त्याच भिंतीला टेकले. गोधडीतून हुंदक्याचा आवाज येत होता की सुईनं टोचल्याचा, ते कळत नव्हतं.

मग पितांबरांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. पण ते हसत होते.

"मॅडम," त्यांना धड बोलता येईना, "मॅडम, त्यांना विचारा... एवढी वायर कापून... टक्के किती पडले हुते?"

"बेचाळीस," दिगंबर गुरगुरले.

गोधडीतून आवाज आला, "एक्केचाळीस."

"एक्केचाळीस पूर्णांक साठ!" दिगंबर म्हणाले, आणि त्यांच्याही तोंडातून हसू फुटलं. मोठा, खोकल्यासारखा आवाज होता तो. तरीही दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. हसून झालं तशी पुन्हा शांतता पडली, आणि ती आधीपेक्षा अवघड होती. आता भांडायलाही काही उरलं नव्हतं.

मला सुचलं तेवढं मी केलं. गेम टीव्हीला जोडला, कॅसेट घातली.

"फुंकर मारू का?" दिगंबरांनी हात पुढे केला.

"अजिबात नाही. थुंकीनं दात गंजतात."

"आम्ही तर कायम मारायचो."

"म्हणूनच मला एवढं काम पडतं."

बटण दाबलं. टीव्हीवर चौसष्ट खेळांची यादी आली, आणि ते चिरकं, टुणटुणीत संगीत सुरू झालं. दोघांच्या माना एकदम वर झाल्या. मी यादीतला रणगाड्यांचा खेळ लावला. तो दोघांनी मिळून खेळायचा असतो. खाली मधोमध आपला किल्ला, वरून शत्रूचे रणगाडे येतात, दोघांनी मिळून किल्ला राखायचा. मी एक रिमोट उजवीकडे दिला, एक डावीकडे.

पहिले दोन किल्ले पडले. दोघं मुकाट्यानं खेळत होते, एकमेकांच्या वाटेत येत होते. दिगंबरांच्या गोळीनं पितांबरांचा रणगाडा दोनदा अडकला. पितांबर माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, त्यांना सांगा डावीकडं थांबायला." मी सांगितलं. "त्याला म्हणावं, मग उजवीकडचं तू बघ." मी सांगितलं. पण शत्रूचे रणगाडे काही निरोप पोचेपर्यंत थांबत नव्हते. तिसऱ्या डावात तीन रणगाडे एकदम आले, दोन समोरून आणि एक मागच्या विटा फोडत. माझं वाक्य तोंडातच होतं.

"पित्या, मागं! मागं बघ, येड्या!"

"बघितलं! तू मधला धर, दिग्या!"

गोधडी हलली. आक्कांनी एक डोळा बाहेर काढला.

किल्ला वाचला. त्यानंतर माझी गरज संपली. दोघं गुडघ्याला गुडघा लावून, ओरडत, शिव्या देत, शर्टाची वरची बटणं सोडून बसले. दोन्हीकडच्या दारांतून दोघांच्या बायका डोकावून गेल्या आणि एकमेकींकडे बघून तोंडाला पदर लावला. आक्का उठून बसल्या. "जेवायचं काय?" असं त्यांनी तीनदा विचारलं. कुणी लक्ष दिलं नाही. "बघ, म्हणाले हुते ना," त्या मला म्हणाल्या, "दोघं मिळून माझ्याशी बोलायचं बंद केलं." पण आवाजात तक्रार नव्हती.

अर्ध्या तासाचे तीन तास झाले.

एक वाजून गेला असेल. जिन्यावर बऱ्याच पावलांचा आवाज आला. दारात समोरचे बांगडीवाले मनियार चाचा उभे, डोक्यावर टोपी, नजर जमिनीकडे. त्यांच्यामागे जंगम काका, पांढरा सदरा, हातात मोठा शेवंतीचा हार. मागे जिनाभर बाजारपेठेतले दुकानदार, सगळे हळू आवाजात बोलणारे. लग्नसराईत, भर रविवारी, बुरगुट्यांची दोन्ही शटरं एकदम खाली. बुरगुट्यांचं दुकान असं याआधी एकदाच बंद झालं होतं, वाटणीच्या आधी, त्यांचे वडील गेले तेव्हा. दोन तास वाट बघून बाजारपेठेनं हिशोब मांडला होता, म्हातारी गेली.

मनियार चाचांनी मान वर केली आणि समोर आक्कांना बघून दोन पावलं मागे सरकले. मागच्यांवर आदळले. जिन्यात एकच गोंधळ उडाला.

"मग... कोण गेलं?" जंगम काकांनी विचारलं.

"गेलं न्हाई कुणी," आक्का म्हणाल्या. "दोघं घरला आल्यात."

सगळ्यांनी टीव्हीसमोर बघितलं. दिगंबर आणि पितांबर पाठमोरे, खांद्याला खांदा लावलेले. पितांबर ओरडत होते, "उजवा, उजवा, दादा, उजवा!" त्यांना पन्नास माणसं जिन्यात उभी आहेत याचा पत्ता नव्हता. मनियार चाचांनी टोपी काढून घाम पुसला आणि खाली बसून घेतलं. "हा सहावा डाव का?" त्यांनी हळूच विचारलं. पाठोपाठ एकेकजण आत येऊन बसला. कुणी तरी चहाला सांगितलं.

जंगम काका मात्र हार घेऊन अवघडल्यासारखे उभे होते. "आक्का, ह्याचं काय करू? परत घेणार न्हाई तो फुलवाला."

आक्कांनी विचार केला. "आणलाच हाय तर हिला घाल. हिनंच केलंय सगळं."

आणि अशा रीतीनं, म्हातारीच्या अंत्यदर्शनासाठी आणलेला तो हार बाजारपेठेच्या वतीनं माझ्या गळ्यात पडला. टाळ्या वाजल्या. मला पेढाही मिळाला. खोट्या दाखल्याचा कागद कुठं पडला होता ते मी शोधलंही नाही.

बुरगुट्यांनी मधली भिंत पुढे पाडली नाही. दोघंही म्हणाले, भिंत मजबूत आहे, राहू दे. फक्त तिच्यात एक खिडकी पाडली, चहा इकडून तिकडे द्यायला. आक्का अजून आहेत. मला रस्त्यात भेटल्या की विचारतात, "काय गं, कुठला उंदीर धरलास आज?"

पण मला त्या दिवसाचं आठवतं ते घरी परतणं. भर दुपारी मी हार गळ्यात घालून बार्शीतून चालत आले, कारण तो काढला तर बाजारपेठेचा अपमान झाला असता. एकतीस वर्षांची बिनलग्नाची मुलगी मी, कपाळाला कुणीतरी भंडारा लावलेला, हातात पेढा. आईनं दार उघडलं. तिनं हाराकडे बघितलं, कपाळाकडे बघितलं, तिचे डोळे भरून आले. तिनं मला बाजूला सारलं, रस्त्यावर डोकावून दोन्हीकडे बघितलं आणि विचारलं,

"आणि जावई कुठायत? रिक्षाचे पैसे देतायत का?"